एका खोलीतला खेळ

अक्काचं बाळ जन्माआधीच गेलं आणि सासरहून, नातेपुत्याहून येणारे तिचे फोन बंद झाले. आपण केला तर ती नुसतं "हं" म्हणायची. त्या "हं"चा मला राग यायचा आणि मग रागाचीच लाज वाटायची.

लहानपणी आम्ही दोघी बहिणी हातात मावणाऱ्या दोन गेम-यंत्रांवर पाळीपाळीनं सोंगट्या हलवायचा खेळ खेळायचो. अक्का मला हरवून हरवून रडवायची. पण ही यंत्रं एकमेकांशी बिनतारी बोलतात ती एकाच खोलीत असली तरच. इंटरनेट त्यांना ठाऊकच नाही.

मी हट्टाला पेटले. अक्कानं सासरी नेलेल्या तिच्या यंत्राचं सोंग माझ्या लॅपटॉपनं घ्यायचं आणि तिच्या खऱ्या चाली नेटवरून आणायच्या. त्यासाठी यंत्रांची बोली शिकायला हवी होती. सात रस्ता चौकातल्या एका दुकानातून तसलंच एक जुनं यंत्र आणलं, ते माझ्या यंत्राशी खेळायला लावलं आणि हवेतून जाणारे निरोप लॅपटॉपवर टिपले. एक निरोप म्हणजे आकड्यांची एक ओळ; त्यात नवाच्या पुढचे आकडे A ते F या अक्षरांनी लिहिलेले. चार महिन्यांत बहुतेक आकड्यांचा अर्थ लागला. तरी माझं उत्तर पोचलं की यंत्र लगेच संबंध तोडायचं.

एका रविवारी छापलेल्या ओळी फरशीवर पसरून बसले होते. बाबा चहा घेऊन आले. माग ज्यांच्या भोकांवरून चादरीची नक्षी विणतो, ती पुठ्ठ्याची कार्डं पंच करण्यात त्यांची हयात गेली. ते वाकून बघत राहिले.

"हितं शेवटाकडं बघ की. दर ओळीला हा आकडा एकानं वाढतोय. नवानंतर अक्षरं येत्यात, मग परत शून्य. कार्डांचे नंबर हायत हे. आमी पण टाकायचो. एक कार्ड मागंपुढं झालं की नक्षी फसली."

मी तो आकडा शेजारच्याला जोडून वाचत होते, म्हणून मला तो वेडावाकडा दिसायचा. आणि प्रत्येक उत्तरात मी एकच नंबर पाठवत होते! कपाळावर हात मारून घेतला. दर उत्तरात नंबर एकानं वाढवला, तसा संबंध टिकला.

अक्कासाठी तशीच जोडणी केलेला छोटा संगणक घेऊन बाबा स्वतः एसटीनं नातेपुत्याला गेले. दुपारी माझ्या यंत्राच्या पडद्यावर अक्काच्या यंत्राचं नाव उमटलं. ती सावकाश खेळत होती. मी तिला दोन सोंगट्या सहज मारू दिल्या.

फोन वाजला. अक्काचा. इतक्या महिन्यांत तिनं स्वतःहून केलेला पहिला.

"मुद्दाम हरतीयस की! माझी कीव करायला एवढा खटाटोप केलास व्हय? नीट खेळ."

मग मी नीट खेळले. तिला हरवलं. ती फोनवर मला तोंडभरून शिव्या घालत होती, आणि मी फोन कानाला लावून एकेक ऐकत होते.