न अडकलेलं दार

"मी धरलंय, तू जा."

सुतारबाबांच्या तोंडी हे वाक्य कायमचं. शिडीवर चढणाऱ्याला तेच, सायकल शिकणाऱ्या लेकाला तेच आणि नाटकातल्या माणसांना तर हमखास तेच. लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा घरचं पाण्याचं पिंप हलवायची वेळ आली, तेव्हा सुनेनंही ते ऐकलं होतं.

गावच्या नाट्यमंडळानं सव्वीस वर्षांत सव्वीस नाटकं केली आणि सगळ्यांत दार एकच, बाबांनी केलेलं. मंच शाळेच्या बाकांचा आणि भिंती कापडाच्या, पण दार अस्सल सागवानी होतं, चौकट, कडी, बिजागऱ्यांसकट. नाटक निवडायला मंडळी बसली की पहिला प्रश्न असायचा, यात दार आहे ना? नसलं तर लेखकाला न विचारता घालायची. एका नाटकात राजा शिकारीला निघाला तो भर जंगलात दार उघडून, आणि शिस्तीचा राजा, जाताना मागं लावूनही गेला.

पण खऱ्या दाराचं वजन कापडी भिंतींना कसं पेलणार? दार लावलं की अख्खं घर थरथरायचं. म्हणून बाबा मागच्या बाजूला, प्रेक्षकांना न दिसता, चौकटीला खांदा लावून उभे राहायचे. सव्वीस वर्षांत त्यांनी एकही नाटक पुढून पाहिलं नव्हतं. त्यांनी पाहिली ती आत जाण्याआधीची माणसं. कुणाचे तळवे घामेजतात, कुणाला नेमकी तेव्हाच तहान लागते, सगळं त्यांना ठाऊक. मंचावर वाघासारखा गरजणारा न्हावी दारामागं त्यांच्या सदऱ्याचं टोक घट्ट धरून उभा असायचा. हे बाबांनी घरात कधी सांगितलं नाही, बाहेर तर नाहीच. सुनेला कळलं ते धुण्यात. दर नाटकानंतर सदऱ्याचं तेच टोक चुरगळलेलं असायचं.

स्वतःबद्दल मात्र ते एक गोष्ट सगळ्यांना सांगायचे. न्हाव्याच्या दुकानात दाढीला बसले की हटकून विषय काढायचे, की बाबा रे, माणसं वाक्य विसरली, दिवे गेले, एकदा मंचाचा बाक मोडला, पण माझं दार कधी अडकलं नाही. न्हावी म्हणायचा, मान हलवू नका, नाहीतर तेवढंच तोंड कापलं जायचं.

यंदा मंडळाच्या मास्तरांनी चौकटीला लावायला लोखंडी टेकू करून आणले. बाबांचा खांदा हल्ली वर उचलला जात नव्हता, त्याची मास्तरांना खरीच काळजी होती. म्हणाले, यंदा पहिल्या रांगेत तुमची खुर्ची, ऐटीत नाटक बघा. बाबांनी मान डोलावली आणि पुढचे दोन दिवस खाली बघून जेवले.

त्याच नाटकात सून पहिल्यांदा काम करत होती. शेजारणीचं काम, तीन वाक्यं. सासूबाईंनी आधीच बजावलं होतं, की घरात हिच्या तोंडून धड हो-नाही निघत नाही, चारशे माणसांत काय बोलणार? एकदा करू दे हौस, फजिती झाली की पुन्हा नाटकाचं नाव नको. भाकरी थापताना, झाडताना, ती तीन वाक्यं सुनेनं इतकी घोकली होती की झोपेतून उठवलं तरी म्हणाली असती.

गिरणीच्या पाळ्या सांभाळून नाटक रविवारी दुपारी असायचं. घरमालक झालेला न्हावी मंचावर म्हणाला, दारात कोण आलंय? सुनेनं दाराच्या मुठीला हात घातला आणि तिथंच थिजली. चौकटीशेजारची बाबांची जागा रिकामी होती. न्हाव्यानं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारून त्यानं स्वतःच दार ओढलं. पण इकडून सुनेनं दोन्ही हातांनी मूठ अशी आवळून धरली होती की दार तसूभर हललं नाही. समोरून कुणीतरी ओरडलं, "अरे, दार अडकलं." सभागृह हसलं.

तेवढ्यात मागच्या पायऱ्या चढून बाबा आले. त्यांनी तिच्या हातांकडे एकदा पाहिलं. टेकू भक्कम होते, तरी नेहमीच्या जागी जाऊन त्यांनी चौकटीला खांदा लावला.

"मी धरलंय, तू जा."

तिचे हात सुटले, दार उघडलं आणि ती आत गेली. तिन्ही वाक्यं अशी म्हणाली की शेवटच्या रांगेत ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान उतरवायला सगळे जमले. न्हाव्याला आयतं कोलीत मिळालं होतं. सव्वीस वर्षांची ऐट एका दुपारीत गेली की हो, म्हणाला. मास्तर ओशाळून म्हणाले, माझ्या टेकूंमुळंच चौकट तिरकी झाली असेल, पुढच्या वर्षी नकोतच ते. सासूबाई खुर्च्या मोजत होत्या, त्या थांबल्या आणि सुनेकडे रोखून पाहत म्हणाल्या, "दार अडकलं होतं, की ही?"

सुनेचा चेहरा उतरला. खरं सांगून टाकावं म्हणून ती पुढं झाली. पण बाबा तिच्याआधी बोलले.

"टेकू चांगले आहेत, मास्तर, असू द्या. दारच अडकलं. लाकूड फुगलं, माझ्या लक्षात आलं नाही."

पिशवीतून त्यांनी रंधा काढला. दार आडवं टाकलं आणि सगळ्यांदेखत कडेवर रंधा चालवू लागले. खांदा दुखत होता, तरी हात एका लयीत जात होता. सागाच्या पातळ ढलप्या गोल होऊन पायाशी पडत होत्या. सव्वीस वर्षं केसाइतकंही चुकलं नव्हतं ते दार त्यांनी चांगलं बोटभर तासलं. न्हावी हसत होता. बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या सदऱ्याच्या टोकाकडे, आणि ढलप्या झटकून दार पुन्हा चौकटीत बसवलं. न्हाव्याचं हसू तिथंच थांबलं.

रंधा काखेत मारून बाबा निघाले. दुखरा खांदा किंचित खाली झुकला होता, चाल नेहमीचीच संथ. सासूबाई पुन्हा पहिल्या खुर्चीपासून मोजायला लागल्या. सून दाराशी उभी होती. लावलेल्या दाराच्या कडेला आता फट पडली होती, आणि त्या फटीतून, ते शाळेचं आवार ओलांडून वळेपर्यंत, ती त्यांच्याकडे बघत राहिली.