सुदामनं न केलेली सही

सुदाम गेल्याचं मला घोडेगावच्या स्टँडवर कळलं, तेही दहावा उरकल्यावर. त्याच्या गावाहून, शिनोलीहून कुणी निरोप धाडला नव्हता. धाडावा तरी का...

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर कंत्राटी कामाला होतो. तो पाणबुड्या, वर डेकवर त्याची दोरी नि हवेची नळी माझ्या हातात. प्लॅटफॉर्म जुने, त्यांच्या पाण्यातल्या पायांना गंज धरलेला. त्या पायांना अ‍ॅल्युमिनियमचे नवे ठोकळे बसवायचे होते. खारं पाणी मग लोखंडाऐवजी ठोकळा खातं. फक्त ठोकळ्याचा पट्टा उघड्या, चकचकीत लोखंडाला भिडला पाहिजे. पायांवर तर शिंपल्यांचा हा जाड थर. सुदाम तासन्‌तास खाली घासत बसायचा आणि वर सुपरवायझर घड्याळ बघून शिव्या द्यायचा.

पावसाळा तोंडावर आला, तसा उरलेले ठोकळे शिंपल्यांवरच आवळायचा हुकूम सुटला. सुदामनं आवळले. पण वर आल्यावर ‘साफ करून बसवले’ असं लिहिलेल्या कागदावर सही करीना.

“लोखंडाला टेकलंच न्हाई ते. वर एवढी माणसं झोपत्यात राव. मी न्हाई सही करनार.”

सुपरवायझरनं कागद माझ्यापुढं सरकवला. “दोरी याच्याच हातात होती. याची चालेल.”

मी सुदामकडं न बघता सही केली.

पुढच्याच बोटीनं त्याला घरी धाडलं. पुन्हा कुठल्याच कंत्राटदारानं बोलावलं नाही. मी आणखी नऊ वर्षं राहिलो. मध्ये तपासणी झाली. ते ठोकळे जराही झिजले नव्हते, पायांचं लोखंड मात्र खाल्लं गेलं होतं. सगळं काम नव्यानं झालं. सुदामला कुणी विचारलं नाही, मला कुणी जाब विचारला नाही. तो गावातच वेल्डिंग करायचा. भेटला की “बरंय ना भाऊ?” एवढंच. एकदा तरी शिवी द्यायची होतीस रे...

परवा शिनोलीला गेलो. दर दिवाळीआधी घरातल्या खिडक्यांचे गज घासून तो रंगवायचा, हे त्याच्या बायकोकडून, वहिनींकडून तेव्हा कळलं. पुढच्या खिडकीचे तीन गज घासलेले, दोन तसेच. खाली पॉलिश पेपर पडलेला. मी तो उचलला.

“ऱ्हाऊ द्या,” वहिनी म्हणाल्या. “तुमी नका हात लावू.”