काचा वेचलेली जमीन
परवा हातातून ग्लास पडून फुटला आणि काचा वेचताना मला अमेरिकेतल्या जर्सी सिटीतला, आमच्या बिल्डिंगशेजारच्या जळालेल्या घराचा प्लॉट आठवला. ऐंशीच्या दशकात आम्ही शेजाऱ्यांनी तिथला कचरा उपसून मुलांसाठी झोपाळे लावले, पण व्हिएतनामच्या युद्धातून परतलेला एक शेजारी मुलांना आत सोडेना. तीन दिवस तो गुडघ्यांवर रांगत, मातीत सळई हलकेच तिरकी खुपसत वीत वीत जमीन तपासत होता. "तिकडे असेच सुरुंग शोधायचो, इथे काचा," एवढंच म्हणाला. चौथ्या दिवशी आधी स्वतः अनवाणी चालला, मगच त्याने फाटक उघडलं. देवळात जाताना काढतो तशा मी नकळत चपला बाहेरच काढल्या. माझं बघून मुलांनीही बूट काढले, आणि तो त्यांच्या उघड्या पावलांकडे बघतच राहिला. फरशीवर काच उरली नाही ना, हे मी अजून तळव्यानेच तपासते.