ताक, पंप आणि डांगराची पानं

मंगळवारी सकाळी वेलाचा शेंडा हातात घेऊन बघितला. कोवळी पानं आकसून पंख्यासारखी झाली होती. शिरा एकमेकींना चिकटल्यासारख्या. देठ पिळवटलेले. एक वेल नव्हे, सगळेच.

मी चाकणच्या एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत माळी आहे. शाळा चौथीपर्यंत. पण वेलाला काय होतंय हे मला कुणी सांगावं लागत नाही, असं मी समजतो. कॅन्टीनमागे, स्क्रॅप यार्डच्या जाळीला लागून एक पट्टा आहे. तिथं मी आमच्या घरचं डांगर, म्हणजे लाल भोपळा, लावला होता. आईनं जपलेलं वाण. बुटकं, खोल फाकांचं, शिजवलं की रताळ्यासारखं गोड. माळ्यावरचा बियांचा डबा उंदरांनी फोडला. उरलं तेवढं बी इथंच टोकलं. हे वेल गेले की वाण गेलं. बाजारात ते मिळत नाही.

चार दिवसांपूर्वी पानांवर भुरी दिसली होती. भुरी म्हणजे पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी बुरशी. बोटानं पुसली तर निघते. त्यावर मी आंबट ताक पाण्यात मिसळून पाठीवरच्या पंपानं मारलं. नेहमी मारतो. नेहमी गुण येतो. आणि आता हे.

अ‍ॅडमिनचे साहेब राउंडला आले.

"मामा, शुक्रवारी कस्टमर व्हिजिट आहे. हे पांढरे पट्टे कसले?"

"ते जन्मापासनंचे हायेत साहेब. पुसून बघा, जात न्हाईत. ह्या जातीचं पानच तसं."

"आणि वाकडं झालंय तेही जन्मापासून?"

मी वाकडा शेंडा पानांआड सारला.

"ताक मारलं ना तुम्ही? आता मठ्ठा मारा, कोथिंबीर घालून."

कॅन्टीनची पोरं खिदळली. साहेब जाता जाता म्हणाले, "गुरुवार संध्याकाळपर्यंत उपटून टाका. रोगट पट्टा पाहुण्यांना दाखवायचा नाही."

मला ताकाची भीती नव्हती. भीती होती मोझॅकची. हा व्हायरस. मावा नावाची बारीक कीड तो एका वेलावरून दुसऱ्यावर नेते. त्याला औषध नाही. वेल उपटून लांब नेऊन पुरायचे, आणि तसल्या वेलाचं बी धरायचं नाही. मी पानं उलटून उलटून मावा शोधला. सापडला नाही, तरी जीव थाऱ्यावर येईना. मोझॅकचं पान हिरवं-पिवळं चितकबरं होतं. इथं रंग नीट होता, आकार बिघडला होता. दुपारचा डबा तसाच परत गेला.

बुधवारी सेफ्टीच्या मॅडम स्क्रॅप यार्ड तपासायला आल्या. वयानं माझ्या नातीएवढ्या. जाळीजवळ थांबल्या.

"मामा, हे गाजरगवत पण पिळलंय. भोपळ्याचा रोग गवताला होतो का?"

मी वाकून बघितलं. खरंच पिळलं होतं. वाऱ्यानं फवारा तिकडंही गेला असणार.

"पंप कुणाचा?"

"माझा. स्टोअरमधी असतो."

"मध्ये कुणी नेला होता?"

पेव्हर ब्लॉकवाल्या कॉन्ट्रॅक्टरची माणसं घेऊन गेली होती. फटींतलं तण मारायला. म्हणजे तणनाशक.

"मी धुतलाय पंप."

"कशानं?"

"पाण्यानं. आन् मॅडम, तुमच्या जन्माआधीपासनं पंप मारतोय मी!"

"मारता हो. धुता कसा ते विचारतेय."

मला राग आला. पण त्या म्हणाल्या, तणनाशक नळीत, नोझलमध्ये चिकटून राहतं, नुसत्या पाण्यानं जात नाही. मग आम्ही परीक्षा घेतली. टोमॅटोची दोन रोपं घेतली, कारण टोमॅटो असल्या औषधाला लगेच वाकतो. एकावर हातानं ताक शिंपडलं. दुसऱ्यावर पंपातून नुसतं पाणी मारलं. कुंड्या लांब लांब ठेवल्या.

गुरुवारी नेहमीपेक्षा लवकर घरून निघालो. दोन्ही रोपं सरळ असली तर पंपाचा दोष नाही, रोगच; मग संध्याकाळी माझ्याच हातानं वेल उपटायचे होते. आलो तसा थेट कुंड्यांकडं गेलो. ताकाचं रोप ताठ. पंपाच्या रोपाची मान पडलेली, देठ वळलेले.

साहेबांना दाखवलं. त्यांनी दोन्ही कुंड्या शेजारी ठेवून बघितल्या. "ठीक आहे. पण पट्ट्यापुढे हिरवी नेट लावा. आणि पानं सरळ आली नाहीत तर काढायचं."

मॅडमनी आणखी एक बजावलं, "लागलेली फळं कुणी खायची नाहीत." माझ्या हातानं मी सगळी बाळफळं तोडली. पिळलेले शेंडे खुडले, भरपूर पाणी दिलं, दुसरं काही फवारलं नाही. व्हिजिट झाली. पाहुण्यांनी नेटकडे बघितलंही नाही. मी मात्र रोज सकाळी गेटवरून आधी तिकडंच जायचो. बरेच दिवस नवं पानही आकसलेलंच निघे. साहेब विचारायचे, "काय मामा?" मी म्हणायचो, "येतंय." येत काही नव्हतं.

मग एका सकाळी वेलाच्या खालच्या पेऱ्यावरच्या डोळ्यातून फुटवा निघाला. त्याचं पान तळहातासारखं उघडलं. सपाट. त्यावर ते जन्माचे पांढरे पट्टे. बोटानं पुसून बघितले, गेले नाहीत.

शेवटी सगळ्या वेलांत मिळून एक डांगर पिकलं. औषधाचा अंश असेल म्हणून गर खड्ड्यात पुरला. बी राखेत घोळून वाळवलं, आणि ह्या वेळी पत्र्याच्या डब्यात ठेवलं.

आता तणनाशकाचा पंप वेगळा आहे, लाल रंग मारलेला. माझ्या पंपाला कुलूप आहे. तो धुण्याचा सोडा घालून धुतो, मॅडम सांगतात म्हणून नव्हे, मला पटलं म्हणून. ताक अजून मारतो.