बाळाच्या बाटलीतलं एरंडेल

काल नातसुनेनं बाळाची टाळू एरंडेलानं भरली, आणि त्या वासासरशी मी सोलापूरच्या गिरणीत जाऊन उभी राहिले.

संध्याकाळी तिथं विजेसाठी दुसरं इंजिन जोडलं, की दोन्ही एकमेकांना ओढत आणि दिवे झोका घेतल्यासारखे मोठे-बारीक होत. सूत दिसेनासं झालं की जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, यंत्रं थांबवायचा. तेवढ्यात मी पलीकडच्या खोलीत जाऊन तान्ह्याला पाजून यायची. माझा नवरा इंजिनघरातच कामाला. त्याला हे ठाऊक होतं.

एका सकाळी त्यानं एरंडेल मागितलं. "गुडघा लई दुखतोय," म्हणाला. मी बाळाच्या टाळूच्या तेलाची बाटलीच दिली.

संध्याकाळी दिवे हललेच नाहीत, यंत्रंही थांबली नाहीत. तो हसत माझ्या यंत्रापाशी आला. "इंजिनाचा वेग आवरणाऱ्या दट्ट्याच्या नळीत तुझं जाड तेल घातलं. झोके बंद! सायब लई खूश हाय."

"आन् पोराचं वो?"

"रडंल की जरा."

लोक अजून त्याच्या हुशारीचं कौतुक सांगतात. मला आठवतो तो डोक्यावरचा दिवा. जरासुद्धा हलत नव्हता, आणि त्याच्या लख्ख उजेडात माझी दुधानं भिजलेली चोळी सगळ्या खात्याला दिसत होती.