हरकत नोंदवली नाही

अरविंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंडईत भाजी घेत होतो. दुसरा कुणी मित्र असता तर तिथेच रडू कोसळले असते. मी पिशवी घरी ठेवली आणि मग शनिवार पेठेत त्याच्या घरी गेलो. माझा त्याच्यावर राग होता... महिना उलटला तरी तो आहेच.

आम्ही दोघे एकाच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो. निवृत्तीनंतर दर रविवारी मी त्याला स्कूटरवर मागे बसवून धायरीला बापूंकडे, ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे, नेत असे. बापूंची तिथली जमीन इमारतींखाली गेली, म्हणून त्यांनी दौंडकडे रान घेतले होते. त्यांच्या ओसरीवर शेतकरी जमत आणि अरविंद जागतिक व्यापाराचे नियम असे रंगून सांगे, की हातातला चहा निवून जाई. श्रीमंत देश स्वतःच्या शेतकऱ्याला पैसे देतात ते वेगळ्या नावाने, म्हणून ते चालतात. आपण हमीभावाने धान्य घेतले की बाजार बिघडवला म्हणून आपल्याकडे बोट. वर आपल्या हमीभावाची तुलना कित्येक दशकांपूर्वीच्या भावाशी. आणि हे नियम ठरतात त्या बैठकींत मते मोजत नाहीत. कुणी उघड हरकत घेतली नाही, की ठराव मान्य. गप्प बसला तो संपला, हे तो इतक्यांदा म्हणे, की पुढे बापूच ते इतरांना ऐकवू लागले.

मग बाहेरची तूर शुल्काविना येऊ द्यायची का, हे ठरवणाऱ्या दिल्लीच्या एका समितीवर त्याला घेतले. आम्ही हरखून गेलो. मी हरकत घेणार, तुम्ही निर्धास्त तूर पेरा, असे त्याने ओसरीवर सांगितले आणि बापूंनी सगळ्या रानात तूर पेरली. बैठक झाली, बाहेरची तूर आली, भाव पडले. निर्णय एकमताने झाल्याचे मी पेपरात वाचले... एकमताने.

बापू त्याच्या घरी आले तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी आवाज चढवला नाही.

"सर, तुमी तिथं व्हता. मग बोलला का न्हाई?"

अरविंदने चष्मा काढून पुसला. "बोललो असतो, तर पुढच्या बैठकीला बोलावलं नसतं."

"म्हणजे पुढच्या वेळीही गप्प बसायची सोय झाली," मी म्हणालो आणि बापूंबरोबर जिना उतरलो.

त्यानंतर तो धायरीला कधी आला नाही. एकदा येईल, चुकलो म्हणेल, असे मला वाटत होते. ज्यांनी त्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवला, त्यांना त्याने एवढेही दिले नाही. त्याच्या जाण्यापेक्षा मला हे जास्त लागले आहे.

परवा वहिनींना भेटायला गेलो. दिवसकार्य आटोपल्यावर बापू येऊन गेले, असे त्या म्हणाल्या. तुरीचे पोते त्यांनी स्वतः खांद्यावरून वर आणले होते. वहिनी संकोचून नको म्हणाल्या, तेव्हा ते एवढेच बोलले, "सरांच्या शब्दावर पेरली व्हती. सरांच्याच घरी ठिवतो."

वहिनींना ती तूर भरडून आणवत नाही, कुणाला देऊन टाकवतही नाही. पोते अरविंदच्या खोलीत, त्याच्या लिहायच्या टेबलाला टेकून उभे आहे. आत बसा, पंखा लावते, असे त्या म्हणाल्या. मी बाहेरच बसलो.