कानातले बोळे

कामठीच्या आमच्या घरात भिंतीपलीकडे बाबांचे यंत्रमाग आणि अलीकडे मी. माझा सगळा अभ्यास त्या खटखटीत झाला. म्हणून नागपूरला इंजिनिअरिंग कॉलेजच्या निवासी उपक्रमात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिथली शांतता मला खायला उठली.

उपक्रम असा, की एकाच वर्गातल्या मुलींनी हॉस्टेलच्या एका मजल्यावर राहायचं आणि एकत्र शिकायचं. आमच्या एक मॅडमही त्याच मजल्यावर राहायच्या. दिवाळीपर्यंत जमलं नाही तर सोडून जायची मुभा होती. बाबांनी मला हट्टानं पाठवलं. "इथं या खटखटीत काय डोंबल अभ्यास होते? तिथं शांत राहते," म्हणाले. मला मार्क पडतात ते आवाज असूनही पडतात, अशी त्यांची समजूत. मजल्यावरच्या मुलीही तशाच. मी मागवाल्यांच्या घरची म्हणून कोपऱ्यातल्या सगळ्यात शांत खोलीतली एक जागा त्यांनी आग्रहानं मला दिली. इतक्या प्रेमाचं करायचं काय, तेच मला कळेना.

संध्याकाळी मौनाचा तास असायचा. सगळ्यांनी हॉलमध्ये गुपचूप अभ्यास करायचा. मी पान उलटायची, पाणी प्यायची, खिडकीशी जायची, परत येऊन तेच पान उघडायची. गणित सुटायचं नाही. बोटं आपोआप टेबलावर वाजायला लागायची. पहिल्या चाचणीत दणकून आपटले. आता सोडावंच लागणार, आणि सोडलं तर बाबांना काय तोंड दाखवणार, या विचारानं एका जागी बसवेनासं झालं.

तिथं एक नियम होता. कोणाचं काही खुपलं तर पाठीमागे कुजबुजायचं नाही, रविवारी गोल बसून तोंडावर सांगायचं. आणि जिची तक्रार, तिनंच उपाय करायचा. एका रविवारी माझी रूममेट उठली. धरमपेठेतली, नीटनेटकी, जरा आवाज झाला की डोकं धरणारी. "ही सारखी टेबल वाजवून राहिली. मला काही सुचत नाही," ती म्हणाली.

माझा पारा चढला. "मंग जाते ना मी! तुमची शांतता तुमच्यापाशीच ठेवा. मले आवाजाशिवाय अभ्यास होत नाही, तं मी काय करू?"

दोघीतिघी हसल्या. मॅडम रूममेटकडे वळून एवढंच म्हणाल्या, "तक्रार तुझी. आता उपाय सांग."

मी खोलीत जाऊन बॅग भरायला घेतली. दुसऱ्या संध्याकाळी ही रूममेट आली, माझी वही उचलली आणि चालू लागली. भांडायच्या तयारीनं मी मागोमाग. मागच्या गॅलरीत मजल्याचं जुनं वॉशिंग मशीन होतं. सुरू झालं की अख्खं धडधडायचं. तिनं त्याच्याशेजारी दोन खुर्च्या मांडल्या, मिळतील तेवढे कपडे आत कोंबले, बटण दाबलं आणि स्वतःच्या कानात कापसाचे बोळे घातले.

"तू काहून बसून राहिली इथं?" मी ओरडून विचारलं.

"तुला एकटीला बसवलं तर तो काय उपाय झाला का वं?"

कपडे पिळून होईपर्यंत माझं अडलेलं गणित सुटलं. मग ते रोजचंच झालं. आमच्या मजल्याचे कपडे तेव्हा गरजेपेक्षा जास्तच स्वच्छ असायचे. तिचं डोकं दुखायचं, मला दिसायचं. ती मात्र आवाजाबद्दल पुन्हा कधी बोलली नाही.

दिवाळीला घरी गेले. संध्याकाळी पुस्तक उघडलं आणि माग थांबले. वीज गेली म्हणावं तर दिवा सुरूच होता. बाबा दारात आले. "कर आता अभ्यास. तू आहे तोवर संध्याकाळी माग बंद."

मला भरून आलं आणि चीडही आली. पूर्वी गप्प बसले असते. आता तोंडावर सांगून टाकलं, की लहानपणापासून मला तो आवाजच लागतो, आणि हॉस्टेलमध्ये माझा जीव कसा कासावीस झाला होता तेही.

बाबा खाली बसले. "मंग काहून राहते तिथं? इथंच राय. ऑटोनं जाणं-येणं कर."

सुरुवातीच्या दिवसांत हे ऐकलं असतं तर उड्या मारत घरी आले असते.

"नाही बाबा," मी म्हटलं. "तिथं एक पोरगी माझ्यासाठी रोज कानात बोळे घालून बसते."

बाबा उठले. "जाताना तिच्यासाठी अनारसे नेजो," म्हणाले, आणि पलीकडे जाऊन त्यांनी माग सुरू केले.